बोलायला उशीर: थेरपिस्टसोबतची सत्रं की पालकांनी शिकून घरी सराव?

दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण 50 शब्द हवेत, "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडता यायला हवेत. तसं नसेल तर आधी श्रवण तपासणी करून घ्या. हाक मारल्यावर मूल वळतं म्हणून कान ठीकच आहेत असं धरू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी बोलणं अस्पष्ट ऐकू येतं.

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणारा तज्ज्ञ, स्वतः मुलासोबत बसला की अडचण समजण्यात आहे, शब्दांत की उच्चारांत, हे नेमकं कळतं. उच्चारांचा किंवा अडखळण्याचा प्रश्न असेल तर मी हाच मार्ग धरेन. पण आठवड्यातला तासभर अपुरा पडतो.

दुसऱ्या पद्धतीत थेरपिस्ट पालकांना शिकवतो. साबणाचे फुगे उडवायचे, बाटली बंद करायची आणि मुलाकडे बघत थांबायचं, मनात दहा मोजेपर्यंत. मूल "फू" म्हणालं की आपण म्हणायचं, "फुगा! मोठा फुगा!" "म्हण ना, फुगा" असा आग्रह अजिबात नको. ही शांतता आपल्याला जड जाते, पण शब्द शोधायला मुलाला तेवढा वेळ लागतोच. आंघोळ, जेवण, कपडे घालणं, दिवसभर अशा संधी मिळतात. आणि घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोला, त्यामुळे बोलणं रखडत नाही.

समज चांगली आणि फक्त शब्द कमी असतील तर मला ही दुसरी पद्धत आधी करावीशी वाटते, अर्थात तपासणीनंतर आणि थेरपिस्टच्या देखरेखीखाली. येत असलेले शब्द मूल विसरू लागलं, तर मात्र एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवा.