सत्तर वॅटचं कार्ड आणि बारा वर्षांचा डबा: नऊ महिने विमान उडवल्यावर

आधी आकाशात हिरवे चौकोन दिसायला लागले. कॉम्प्युटरवर, विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये, नागपूरहून उडालो, बुटीबोरी मागे गेली आणि ढगांच्या जागी हिरवे-गुलाबी चौकोन. वाटलं, सीनरीची एखादी फाइल खराब झाली असेल. दुसऱ्या दिवशी दुकानात बिल काढताना युरियाच्या आकड्यांवरही तेच चौकोन आले, तेव्हा कळलं की स्क्रीनवरचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्डच गेलं. ही गोष्ट २०२५ च्या मार्चातली. तुरीचे पैसे नुकतेच आले होते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेपासून आत आमचं गाव. माझं कृषी केंद्र आहे. दिवसा ज्या कॉम्प्युटरवर खत-बियाण्यांची बिलं निघतात, त्याच्यावरच रात्री जेवण झाल्यावर मी विमान उडवतो. बाबांना हे अजून पटलेलं नाही. "पायटे मोटर चालू करायची हाये अन् हा बावा इमान उडवून रायला," हे वाक्य घरात रोज एकदा होतं.

मशीन म्हणजे एका ऑफिसातून निघालेला सेकंडहँड टॉवर. आय५-४५७० प्रोसेसर, २०१३ चा. रॅम १६ जीबी, तीही डीडीआर३. एसएसडी मी नंतर टाकली. जुनं कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, २ जीबीचं. त्याने सहा वर्षं इमानदारीने काम केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

नवीन कार्ड कोणतं, हा प्रश्न पैशाचा असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला पॉवर सप्लायचा. कॅबिनेट उघडून पाहिलं तर सप्लाय २९० वॅटचा आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायची सहा पिनची वायर त्यात नाहीच. बरं, सप्लायच बदलून टाकू म्हटलं, तर मदरबोर्डाला नेहमीचा चोवीस पिनचा जोड नाही, आठ पिनचा आहे. ऑफिसच्या बऱ्याच मशीनमध्ये असं असतं. मधे लावायची वायर मिळते, पण पॉवर सप्लाय, वायर आणि वर कार्ड असा हिशोब केला की जुन्या डब्यात नवीन डब्याचे पैसे जातात. म्हणून अट ठरली: कार्डाने जी वीज घ्यायची ती स्लॉटमधूनच घ्यावी. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याच्या वरचं सगळं यादीतून बाद.

या एका अटीने यादी केवढी लहान होते पाहा. आरएक्स ५८०, आठ जीबीचं, सेकंडहँड स्वस्तात मिळत होतं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, तेव्हापासून अशी कार्डं बाजारात बरीच आहेत. पण ते १८५ वॅटचं. बाद. आरएक्स ६६०० माझ्या मनातलं होतं, आठ जीबी, पण १३२ वॅट आणि आठ पिनची वायर. तेही बाद, जीव थोडा दुखला. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, तिथे मात्र दुसरीच गोम आहे. ते कार्ड चारच लेनवर, म्हणजे बोर्डाकडे डेटा ने-आण करायच्या चारच वाटांवर, चालतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्याचं भागून जातं, पण माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे रस्ता निम्म्याने अरुंद. त्यात मेमरी चारच जीबी. सिम्युलेटरमध्ये मेमरी भरली की टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर-घरांवर चढवायची चित्रं, त्याच अरुंद रस्त्याने ये-जा करतात आणि मग विमान हवेत अडखळतं. इंटेलचं आर्क ए३८० एका मित्राने सुचवलं. ते रिसायझेबल बारशिवाय, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीशिवाय, मार खातं आणि ती सोय माझ्या बोर्डाच्या काळात नव्हतीच.

उरले तीन. जुनं जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५०. पहिली दोन्ही चार जीबीची. तिसऱ्यात सहा.

नागपुरात सीताबर्डीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने मशीनचं वर्णन ऐकलं आणि म्हणाला, "काऊन एवढ्या जुन्या डब्यावर पैसे घालून रायले भाऊ? पूर्ण सिस्टीमच घेऊन टाका नं." त्याचं चूक नव्हतं. पण सिस्टीमचे पैसे पेरणीआधी कोण काढतो? मी ३०५० मागितलं, त्याने ३०५० चा डबा काढून दिला. डबा फिरवून पाहिला तर कोपऱ्यात ८ जीबी. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी तिथेच फसलो असतो: ३०५० या एकाच नावाने दोन वेगळे माल आहेत. २०२२ मध्ये आलेलं आठ जीबीचं १३० वॅटचं आहे, त्याला वेगळी वायर लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं सहा जीबीचं ७० वॅटचं आहे, स्लॉटवरच चालतं आणि थोडं हळूही आहे. मला हळूवालंच हवं होतं. दुकानदाराला ते पटेना. शेवटी आतून काढून दिलं, सतरा हजाराच्या आसपास पडलं.

घरी लावलं तर स्क्रीन काळी. पंखे फिरतात, पण चित्र नाही. अर्धा तास घाम फुटला. मग कार्ड काढलं, मॉनिटर बोर्डाच्याच व्हीजीए जोडाला लावला आणि बायोसची, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती पाहिली तर जुनी-पुराणी. म्हणजे बायोस अपडेट करणं आलं. बायोस लिहीत असताना वीज गेली तर बोर्डच जातो, आणि आमच्याकडे वीज जायला कारण लागत नाही. आधी वायरमनला फोन केला, "आज परमिट आहे का?" म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवणार का. नाही म्हणाला. तरी यूपीएसची बॅटरी पूर्ण भरू दिली, फ्रीज बंद केला, बायकोला मिक्सर लावू नको म्हणून सांगितलं. स्क्रीनवरची टक्केवारी सरकत होती तेवढी तीनेक मिनिटं मी खुर्चीतून हललो नाही. पुन्हा कार्ड लावलं आणि चित्र आलं.

आलं, पण मॉनिटर व्हीजीएचा आणि या कार्डाला व्हीजीए नाही. जुन्या कार्डाला होतं, म्हणून हा विचारच डोक्यात आला नव्हता. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा स्वस्तातला अडॅप्टर आणला, त्यात अक्षरं थरथरत होती. दुसरा आणला, तो ठीक. जुन्या मॉनिटरवाल्यांनी हा खर्च आधीच धरून ठेवावा.

आता उडण्याकडे वळू. मी एक्स-प्लेन ११ आणि १२ दोन्ही वापरतो. मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर दिसायला सुंदर आहे, पण त्याची जमीन इंटरनेटवरून उतरत राहते, आणि आमच्याकडे संध्याकाळी मोबाइलचं नेट बैलगाडीच्या चालीने चालतं. एक्स-प्लेनची जमीन डिस्कवर असते.

एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुट सेटिंगमध्ये फ्रेम रेटच्या ओळीला खूण केली की स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका चित्राला, सीपीयूला (प्रोसेसरला) किती वेळ लागला आणि जीपीयूला (ग्राफिक्स कार्डाला) किती, ते वेगवेगळं दिसतं. कार्ड घेण्याआधी हे आकडे पाहायचे असतात. मी नंतर पाहिले. सोनेगावच्या धावपट्टीवर उभा, एक्स-प्लेन १२, १०८०पी, आकाश ढगांनी भरलेलं: जीपीयू १८ मिलिसेकंद, सीपीयू ३६. फ्रेम ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्या हिशोबाने निघते, म्हणजे सेकंदाला २७ च्या आसपास. जोडीतला एक बैल तगडा आणि एक म्हातारा असला की डवरा म्हाताऱ्याच्याच चालीने चालतो. माझं नवीन कार्ड अर्धा वेळ प्रोसेसरची वाट पाहत बाजेवर बसून असतं. याहून महागडं कार्ड घेतलं असतं तर ते जास्त वेळ बाजेवर बसलं असतं.

तरी फरक पडला का? पडला, आणि चांगलाच. तो आकड्यात कमी दिसतो. एक्स-प्लेन ११ मध्ये नागपूरवर आधी २४ फ्रेम होत्या, आता ३१. सात फ्रेमसाठी सतरा हजार म्हटलं तर कोणीही हसेल. पण आधी त्या २४ मध्ये दर आठ-दहा सेकंदाला एक हिसका बसायचा. विमान वळवलं की नवीन टेक्स्चर यायचे, दोन जीबी मेमरी भरलेली, आणि सगळं क्षणभर गोठायचं. उतरताना धावपट्टीच्या तोंडाशी नेमका तो हिसका आला की चाकं आपटलीच. आता तो गेला. टेक्स्चर क्वालिटी दोन पायऱ्या वर नेली, अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करायची सोय) चढवलं, धावपट्टीचे पांढरे पट्टे दुरून सरळ दिसतात. हे सगळं कार्डाच्या खात्यातलं. झाडं-घरांची गर्दी मात्र प्रोसेसरच्या खात्यातली, म्हणून वर्ल्ड ऑब्जेक्ट्सची पट्टी मी खालीच ठेवली आहे. ती वर नेली की कार्ड कोणतंही असो, विमान रांगतं.

सहा जीबीचं खरं सुख ऑर्थो सीनरीत मिळालं. ऑर्थो फोर एक्सपी नावाचं फुकटचं साधन आहे, ते उपग्रहाच्या फोटोंवरून जमीन तयार करून देतं. एक अंश बाय एक अंशाची एकेक चौकट असते. आमचं गाव २० आणि ७८ च्या चौकटीत, नागपूरचा विमानतळ २१ आणि ७९ च्या. जुन्या कार्डावर हा विचारच करता येत नव्हता. मी सगळं झूम सोळावर केलं आणि फक्त गावाभोवतीचा तुकडा सतरावर. सोळावर आमची विहीर म्हणजे एक काळा ठिपका, सतरावर तिचा गोल कळतो. सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन नागपूरहून निघायचं, हायवे डाव्या पंखाखाली धरायचा, जांब, हिंगणघाट, वर्धा नदी, वडकी, करंजी. चाळीसेक मिनिटांत गावावर. एसटीने हेच तीन तास. फोटो उन्हाळ्यातले असावेत, कारण सगळी शेतं तपकिरी आणि नाला कोरडा. एकदा बाबा मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "थो बांध आपला नाई, थो पल्याडचा हाये." मी इतके दिवस चुकीच्या शेतावर घिरट्या घालत होतो.

मुंबईत मात्र जाऊ नका. तिथे माझ्याकडे फ्रेम १७-१८ वर येतात, आणि २० च्या खाली गेलं की एक्स-प्लेन आपलं घड्याळच हळू करतं, उडण्याचं गणित बिघडू नये म्हणून. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली तरी विमानात आठ-नऊच झालेली असतात. अमरावतीच्या बेलोऱ्याला २०२५ च्या एप्रिलपासून खरंच मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा हौसेने मीही सिम्युलेटरमध्ये एटीआर घेऊन मुंबईहून निघालो. मुंबई सोडेपर्यंत चहा गार झाला. बेलोऱ्याला उतरताना चाळीस फ्रेम.

उन्हाळ्याचं सांगायचं तर मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर होतं, खोलीत कुलर. कार्डाचं तापमान ७६ च्या वर गेलं नाही. सत्तर वॅटचा हा फायदा, उष्णता मुळातच कमी. कुलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका एवढंच. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज १८० च्या खाली येतं, यूपीएस टिकटिक करतो, पण जुन्या कार्डाप्रमाणे यानेही एकदाही मशीन बंद पाडलं नाही. पावसाळ्यात विजा कडाडल्या की मी सगळ्या वायरी काढूनच ठेवतो, त्यामुळे त्या काळात उडणं कमीच झालं.

खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. भाव चढेल म्हणून वेचलेला कापूस आम्ही समोरच्या खोलीत भरतो, छतापर्यंत. कॉम्प्युटर त्याच खोलीच्या दाराशी. नोव्हेंबरात कार्डाचा पंखा घरघरायला लागला, थंडी असून तापमान ८२. वाटलं, सतरा हजार गेले. उघडून पाहिलं तर पंख्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंची पांढरी गादी बसलेली. चिमटीत धरून ओढली तर अख्खी पट्टी एकसंध निघाली, आईने तिची सरळ वात वळली असती. रंगाच्या बारीक ब्रशने पाती झाडली, पंखा बोटाने धरून ठेवला आणि फवाऱ्याच्या नव्हे, सायकलच्या पंपाने हवा मारली. तापमान ६४ वर. आता दर पंधरा दिवसांनी हे करतो. जिनिंगजवळ राहणाऱ्यांना किंवा घरात कापूस भरणाऱ्यांना ही गोष्ट कोणत्याच व्हिडिओत सांगितलेली सापडणार नाही.

एक गोष्ट नशिबाने जमली. ऑक्टोबरात विंडोज १० चा आधार संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्याच महिन्यात ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या जुन्या पिढ्यांचे नवे गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) थांबवले, त्यांना आता सुरक्षेचेच अपडेट मिळतील. माझं जुनं ७५० टीआय मॅक्सवेल, आणि पाच हजारात मिळत होतं म्हणून मी घेता घेता राहिलेलं १०५० टीआय पास्कल. आरटीएक्स कार्डांना विंडोज १० वर ऑक्टोबर २०२६ पर्यंत ड्रायव्हर मिळत राहतील. मी हे पाहून घेतलेलं नव्हतं, सहा जीबी पाहून घेतलं होतं. जीटीएक्स १६५० सेकंडहँड सात हजारात चांगलं मिळालं आणि ऑर्थोची हौस नसली, तर मी तेच घ्यायला सांगेन. माझे दहा हजार जास्त गेले ते विहिरीचा गोल दिसावा म्हणून.

पुढच्या हंगामात जमलं तर बोर्ड आणि प्रोसेसर बदलीन, कार्ड तसंच उचलून त्यात लावीन. तेव्हा तरी ते बाजेवरून उठेल.

परवा घाटंजीच्या मित्राने हेच कार्ड मागवलं. त्याचं मशीन माझ्याहून अरुंद, आडवं ठेवायचं, त्यात उंच कार्ड बसतच नाही. त्याला लो प्रोफाइलवालं बघायला सांगितलं, ३०५० सहा जीबीत तेही मिळतं. कार्ड कॅबिनेटला अडकवायची लहान पट्टी डब्यातच असते, मोठी काढून ती लावायची. त्याने डबा उघडला आणि ती लहान पट्टी खोक्यासकट पोराला खेळायला दिली. आता दोघं शोधून रायले.