पहिल्या हॅरी पॉटरची पहिली चार-पाच मिनिटं

२००१ चा पहिला हॅरी पॉटर सिनेमा काल परत लावला आणि सुरुवातीलाच अडकले, तोच सीन तीनदा बघितला. प्रिव्हेट ड्राइव्हच्या पाटीवर घुबड, अंधारातून येणारा म्हातारा जादूगार डम्बलडोर, आणि तो हातातल्या त्या छोट्याशा वस्तूने रस्त्यावरचे दिवे एकेक करून विझवतो ना, उजेडाचा गोळा दिव्यातून सुटून सरळ त्याच्या हातात जातो, कोणी काही समजावून सांगत नाही तरी लहान मुलाला बरोबर कळतं की इथे जादू आहे. मांजरीची जादूगारीण मॅकगोनागल होते तेही आधी भिंतीवरच्या सावलीत दिसतं, काय सुंदर सुचलंय हे! पुस्तकात आधी हॅरीच्या मावशीच्या नवऱ्याचा, मिस्टर डर्स्लीचा, अख्खा दिवस येतो, तो इथे काढला ते मला पटलं. जॉन विल्यम्सच्या म्युझिकमधला सेलेस्टा (घंटीसारखा किणकिणणारा छोटा पियानो) तर झोपलेल्या बाळाच्या खोलीत वाजावा इतका हळुवार. आणि एवढा आडदांड हॅग्रिड बाळ हॅरीला त्या घरी सोडताना रडवेला होतो तिथे माझेही डोळे भरतातच. मग कॅमेरा कपाळावरच्या खुणेवर जातो, लख्ख वीज, टायटल. मुलांना दाखवणार असाल तर पहिल्या सेकंदापासून दाखवा, प्लीज.