कधी उठायचे ते घड्याळाने सांगावे: बैठ्या कामात फिटनेस वॉच

फिटनेस वॉच घेताना धावणे, पोहणे, सायकल चालवणे अशा व्यायामप्रकारांची लांबलचक यादी आपण न्याहाळतो आणि नंतर तेच घड्याळ दिवसाचे आठ-नऊ तास की-बोर्डशेजारी टेकलेल्या मनगटावर निवांत पडून असते. म्हणून या परीक्षणात व्यायामाचा विचार केलेला नाही. बैठे काम करणाऱ्या माणसाला कामाच्या वेळेत खुर्चीतून उठवण्यासाठी हे यंत्र कितपत उपयोगी पडते, एवढेच मी पाहिले. माझे मत आधीच सांगून टाकतो: कधी उठायचे हे घड्याळाला विचारावे, किती हालचाल पुरेशी हे मात्र त्याच्यावर सोपवू नये.

उठण्याची आठवण देण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे आणि ती समजून घेणे हे पट्ट्याचा रंग निवडण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. अ‍ॅपल वॉच तासाच्या पन्नासाव्या मिनिटाला, तोवर आपण उठलो नसलो तर, मनगटावर टिचकी मारते. त्या तासात निदान एक मिनिट उभे राहून हालचाल केली की तो तास जमा होतो. फिटबिट तासाला 250 पावलांचा हिशेब धरते आणि तास संपायला दहा मिनिटे उरली की बाकी पावलांची आठवण करून देते. गार्मिनची मूव्ह बार तासाचे ठोके पाहत नाही, बसल्याचा वेळ पाहते: सलग तासभर बसलो की स्क्रीनवर एक पट्टी दिसू लागते, पुढे दर पंधरा मिनिटांनी वाढते आणि थोडे चालून आल्यावरच पुसली जाते. मला ही तिसरी रीत सर्वांत प्रामाणिक वाटते. पहिल्या दोन्ही पद्धतींत दहा वाजून पाच मिनिटांनी एक फेरी मारली आणि नंतर थेट अकरा पंचावन्नला उठलो, तरी दहाचा तासही जमा होतो आणि अकराचाही. मधली एक तास पन्नास मिनिटांची अखंड बैठक हिशेबात कुठेच उमटत नाही.

ही आठवण मुळात कानावर, म्हणजे मनगटावर, पडायला हवी. घड्याळ पहिल्यांदा फोनला जोडले की फोनवरच्या झाडून सगळ्या सूचना तिथे येऊ लागतात: ई-मेल, ग्रुपवरचे अभिनंदनाचे संदेश, कुठल्याशा अ‍ॅपची सवलत. या गर्दीत उठण्याची थरथर वेगळी ओळखू येत नाही, आणि थोड्याच काळात मनगट सगळ्याच थरथरीकडे दुर्लक्ष करायला शिकते. फोन कॉल आणि ही आठवण सोडून बाकी सर्व सूचना बंद कराव्यात. घड्याळाची उपयुक्तता एवढ्या एका बदलाने जितकी वाढते तितकी कोणत्याही महागड्या सेन्सरने वाढत नाही. मीटिंगचा प्रश्न मात्र उरतोच. कोणी स्क्रीन शेअर करून तक्ता समजावत असताना मनगटावर ‘उठा’ असा संदेश झळकतो आणि आपण तो अंगठ्याने हळूच पुसून टाकतो. मग मीटिंग संपल्यावर घड्याळ पुन्हा आठवण करील का? गार्मिनची पट्टी भरलेली राहते, म्हणून करते. ठरावीक मिनिटाला एकदाच थरथरणारे घड्याळ पुढच्या तासापर्यंत गप्प बसते.

आता मोजदादीकडे. घड्याळातला सेन्सर मनगटाची हालचाल टिपतो, पायांची नव्हे, आणि पावलांचा अंदाज त्यावरून बांधतो. दोन्ही हातांत लॅपटॉप आणि कप धरून कॉरिडॉर ओलांडला किंवा ट्रॉली ढकलत गेलो, तर बरीच पावले हिशेबातून निसटतात. उलट बसल्या बसल्या हातवारे करून एखादा मुद्दा हिरिरीने मांडला, तर काही पावले फुकटात पदरात पडतात. टेबलाखाली मनगट हलवून तास जमा करणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या कल्पकतेला दाद द्यावी, पण ते नेमके कोणाला फसवत आहेत हा प्रश्न पडतोच. उंच टेबलाशी उभे राहून काम करणाऱ्यांची तक्रार याच्या उलट असते: निश्चल उभे राहून टाइप केले तर तो तास अनेकदा जमा होत नाही. इथे मात्र मी घड्याळाच्या बाजूने आहे, कारण खांबासारखे उभे राहण्याला हालचाल म्हणता येत नाही.

दिवसाला 10,000 पावलांचे लक्ष्य तर बेलाशक बदलावे. हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यामागे संशोधन नव्हते. अमेरिकेत सरासरी 72 वर्षे वयाच्या स्त्रियांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचा धोका सुमारे 7,500 पावलांपर्यंत कमी होत गेला आणि नंतर स्थिरावला. कॅलरींचा आकडा पाहूच नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले.

खरा पेच आठवणीच्या अंतराचा आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या 2023 मधील एका छोट्या प्रयोगात 11 जणांना आठ तास खुर्चीत बसवून वेगवेगळ्या अंतराने चालवले गेले. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालल्यावर जेवणानंतर वाढणारी रक्तातील साखर, सलग बसण्याच्या तुलनेत, 58 टक्क्यांनी कमी वाढली. तासाने एकदा चालण्याचा साखरेवर तसा परिणाम दिसला नाही, रक्तदाब मात्र सर्वच प्रकारांत थोडा उतरला. 11 माणसांवरून सर्वांसाठी नियम काढणे धाडसाचे ठरेल, तरीही तासाला एक मिनिट उभे राहून पूर्ण होणारे अ‍ॅपल वॉचचे लक्ष्य किती सोपे ठेवलेले आहे, हे यातून कळते. म्हणून तासाची आठवण कायम ठेवून त्याच घड्याळात तीस मिनिटांचा पुन्हा पुन्हा सुरू होणारा टायमर लावणे मला अधिक उपयोगाचे वाटले. पाच मिनिटे दर वेळी मिळत नाहीत, पण फोनवरचे बोलणे चालता चालता करणे आणि दुसऱ्या मजल्यावरचे स्वच्छतागृह वापरणे एवढ्याने बरेच साधते.

मग फोनवरचा साधा अलार्म का नको, असे कोणी विचारील. अलार्म आपण नुकतेच फिरून आलो तरी वाजतो आणि दोन-चार वेळा विनाकारण वाजला की आपण तो बंदच करून टाकतो. आपण चाललो असल्यास घड्याळाची आठवण मात्र येत नाही. पैसे मोजायचे ते या एका समजूतदारपणासाठी. त्यामुळे जीपीएस, रक्तातील ऑक्सिजन किंवा झोपेचे गुण यांसाठी वरचे मॉडेल घेण्याची गरज नाही. आठवणीचे तास स्वतः ठरवता येतात का आणि थरथर जाणवण्याइतकी जोरदार आहे का, हे दुकानातच मनगटावर चढवून पाहावे. धातूची कडी असलेला पट्टाही टाळावा, कारण टाइप करताना ती लॅपटॉपच्या कडेवर घासत राहते आणि शेवटी घड्याळ काढून टेबलावर ठेवले जाते. चार्जिंग आंघोळीच्या आणि आवराआवरीच्या वेळात उरकावे. रोज चार्ज करावे लागणारे घड्याळ ऑफिसात चार्जरला लावले, तर ज्या तासांसाठी ते घेतले नेमके तेच तास ते मनगटावर नसते.