विंडोज ११ २४एच२ चा फाइल शेअरिंग क्लायंट: सुरक्षा चोख, संदेश दिशाभूल करणारे

कालपर्यंत उघडणारा नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावरचा) फोल्डर अपडेटनंतर उघडेनासा झाला की खापर राउटरवर फुटतं, नाहीतर नॅसवर. २४एच२ च्या बाबतीत बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीने क्लायंटचे, म्हणजे शेअर उघडणाऱ्या विंडोजच्या बाजूचे, दोन डीफॉल्ट बदलले. प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये एसएमबी (विंडोजचा फाइल शेअरिंग प्रोटोकॉल) सायनिंग सक्तीचं झालं आणि प्रोमध्येही गेस्ट लॉगिन, म्हणजे पासवर्डविना प्रवेश, बंद झालं. बाकीच्या दोन्हींत ते १७०९ आवृत्तीपासूनच बंद होतं.

हे दोन बदल एकमेकांत गुंतलेले आहेत. सायनिंगमध्ये प्रत्येक संदेशावर सही होते आणि सहीची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डच्या आधारे तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणजे किल्ली नाही, म्हणजे सही नाही. म्हणून नुसतं गेस्ट लॉगिन चालू करून भागत नाही. सायनिंगची सक्तीही काढावी लागते, म्हणजे सुरक्षेचे दोन्ही थर एका झटक्यात जातात. त्यापेक्षा नॅसवर पासवर्ड असलेला एक युजर तयार करून त्याला शेअरचे हक्क द्यावेत. पाच मिनिटांचं काम आहे.

बदल योग्यच आहेत. फसतात ते संदेश. गेस्ट अडला की विंडोज सांगतं, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही. घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपला कुठली आली संस्था! एसएमबी१ या कालबाह्य आवृत्तीखेरीज काही न येणाऱ्या जुन्या नॅसबाबत मात्र कारण बऱ्यापैकी स्पष्ट दिलेलं असतं. सगळ्यात निरुपयोगी म्हणजे ०एक्स८००७००३५, ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’. नाव सापडलं नाही, पोर्ट अडलं, नॅसवरची एसएमबी सेवा बंद आहे, सगळ्याला हाच एक कोड.

खरी माहिती इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात असते आणि या क्लायंटचा हा भाग खरोखर चांगला आहे. अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट असं आत गेलं की कनेक्टिव्हिटी आणि सिक्युरिटी या दोन कामाच्या नोंदवह्या दिसतात. सिक्युरिटीत ३१०१७ म्हणजे गेस्ट लॉगिन नाकारलं. कनेक्टिव्हिटीत ३०८०३ म्हणजे नेटवर्क जोडणीच झाली नाही, तेव्हा पासवर्ड बदलत बसू नका.

पिंगवर विसंबू नये. पिंगला (यंत्र नेटवर्कवर आहे का, ते विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर आलं म्हणून एसएमबीचं ४४५ पोर्ट उघडं आहे असं होत नाही, आणि पिंग अडवलेला नॅसही शेअर व्यवस्थित देऊ शकतो. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा नॅसचा आयपी आणि पोर्ट ४४५ देऊन चालवा. टीसीपीटेस्टसक्सीडेड समोर फॉल्स आलं तर फायरवॉल किंवा नॅसवरची बंद सेवा तपासा. ट्रू आलं तर नेटवर्कचा प्रश्न मिटला, आता लॉगिनकडे वळा. आयपीने शेअर उघडतो पण नावाने नाही, तर आधी डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) बघा. डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती खात्यांच्या नेटवर्कमध्ये, नावाने गेलं की ओळख पटवायला कर्बेरॉस ही पद्धत वापरली जाते आणि दोन्हीकडच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक असेल तर ते नकार देतं. आयपीने गेलं की सहसा एनटीएलएम ही जुनी पद्धत, त्यामुळे तोच शेअर तिथे मुकाट उघडतो.

एक्सप्लोररच्या नेटवर्क यादीत नॅस दिसत नाही, ही वेगळीच तक्रार. यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या यंत्रं शोधणाऱ्या प्रोटोकॉलवर चालते, शेअर त्याच्याशिवायही उघडतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश आणि नाव टाकून बघा.

लॉगिनमध्ये दोन गोष्टी हमखास नडतात. एक, पिन. समोरचा संगणक विंडोजचा आणि त्यावर मायक्रोसॉफ्ट खातं असेल, तर शेअरसाठी त्या खात्याचा पासवर्डच लागतो, पिन चालत नाही. दुसरी, एरर १२१९. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनावांनी जोडता येत नाही. नेट यूझ या आज्ञेने जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतली) जुनी नोंद काढा, तरीही अडलं तर वर्कस्टेशन सेवा रीस्टार्ट करा. दोन्ही युजर एकदम हवेच असतील तर एक जोडणी नावाने आणि दुसरी आयपीने करा. विंडोज त्यांना वेगळे सर्व्हर समजतं.

जुन्या नॅसचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सायनिंग पेलत नसेल तर ०एक्ससी०००ए००० हा एरर येतो. आधी फर्मवेअर अपडेट करा आणि नॅसच्या एसएमबी सेटिंगमध्ये सायनिंग चालू करा. कमकुवत प्रोसेसरच्या नॅसवर मोठ्या फाइली कॉपी होताना वेग थोडा उतरेल, तेवढं सोसावं. फर्मवेअर मिळतच नसेल तर पॉवरशेलच्या सेट-एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन या आज्ञेने सक्ती काढता येते, पण ती त्या संगणकाच्या सगळ्याच जोडण्यांवरून निघते, एकट्या नॅसपुरती नाही. हा लॅपटॉप कॅफेच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर जात असेल तर त्यावर हे करू नका.