रिलोकेशनवाल्यांचं लुक-अँड-सी पॅकेज: लहान मूल सोबत असेल तर अर्ध्या दिवसाचंच घ्या

कायमचं शिफ्ट व्हायच्या आधी एकदा शहर बघून यायची जी ट्रिप असते ना, लुक-अँड-सी ट्रिप म्हणतात तिला, ती पूर्ण प्लॅन करून देणाऱ्या रिलोकेशन कंपनीचं फुल पॅकेज आम्ही घेतलं होतं, सोबत दीड वर्षाची लेक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एअरपोर्ट पिकअप, गाडीतून एरिया दाखवणं, भाड्याचे फ्लॅट, डेकेअरच्या अपॉइंटमेंट आणि बँक-टॅक्स-इन्शुरन्सवर एक लेक्चर असं त्यात होतं. माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार, आणि त्यातले अडीच एकट्या डेकेअरच्या कामाचे.

खरंच, ते काम त्यांनी भारी केलं. अपॉइंटमेंटशिवाय आत घेतच नाहीत अशी बरीच डेकेअर असतात, कुठे वेटिंग लिस्ट कित्येक महिन्यांची, कुठे आधी पत्ता दाखवा मग नाव लिहू, हे सगळं बाहेरून फोन करून कळत नाही. यांच्या बाईंना सगळं पाठ होतं. एका डेकेअरमध्ये मुलांच्या रूममध्ये आम्ही बराच वेळ बसलो, लेक सरळ जाऊन दुसऱ्याच्या ठोकळ्यांवर बसली, आणि तेवढ्या वेळात किती मुलांमागे किती माणसं, डायपर कोण बदलतं, रडणाऱ्याला उचलून घेतात की नुसतं लांबून समजावतात, हे आपोआप दिसलं. मुलं-माणसांचं प्रमाण देशागणिक बदलतं, उदा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या ३ मुलांमागे किमान १ माणूस लागतो आणि दोन वर्षांच्या मुलांना २०२३ पासून ५ मुलांमागे १ चालतो, आधी ४ मुलांमागे १ लागायचा. सेटल होण्याचंही तसंच, जर्मनीत सुरुवातीचे काही आठवडे आईनं नाहीतर बाबांनी सोबत बसून मुलाला हळूहळू रुळवायचं अशी पद्धत आहे, म्हणजे जॉइनिंग डेट ठरवताना हे आठवडे आधीच धरायला हवेत. नवऱ्याने लगेच एचआरला मेल टाकला की आमच्या शहरात हे कसं असतं ते सांगा.

त्याच डेकेअरमधल्या मॅनेजर बाईंनी लसीकरणाचं कार्ड मागितलं आणि प्रत्येक तारखेवर बोट ठेवत वाचलं. गोवराची लस ९व्या महिन्यात दिलेली असेल तर काही देश, अमेरिका धरून, पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजतच नाहीत, परत द्यावा लागतो. कंपनीच्या चेकलिस्टमध्ये याचा उल्लेखही नव्हता. मूळ कार्ड, फोटो आणि डॉक्टरांच्या सहीची एक स्वच्छ कॉपी, तिन्ही न्या.

आता वैताग. वेळापत्रक सरळसरळ मोठ्या माणसांसाठी बनवलेलं. सकाळी ९ ला गाडी, दुपारी जेवणाला थोडा ब्रेक, मग परत ५ पर्यंत फ्लॅट. दीड वर्षाचं पोर दुपारी झोपणार की नाही? जेटलॅग उतरायला साधारण एका टाइम झोनमागे एक दिवस धरतात आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो, तरी पहिल्याच दुपारी फ्लॅट लावलेले. एका रिकाम्या फ्लॅटमध्ये लेकीने जमिनीवर पालथं पडून जो भोंगा लावला, एजंट आपला घड्याळाकडे बघतोय, नवरा किचनचे नळ उघडून पाण्याचं प्रेशर बघतोय आणि मी खिडक्या. त्या खिडक्या माझ्या गुडघ्यापासून सुरू होत होत्या आणि पूर्ण उघडत होत्या. लॉक लावून देणार का विचारलं तर एजंट म्हणाला घरमालकाशी बोलावं लागेल. पोर सोबत नसतं तर या खिडक्या मी 'काय छान उजेड' म्हणून पास केल्या असत्या, हेही खरं. म्हणून 'तिला आजीकडे ठेवून जा, दोघंच फिरून या' हा सल्ला मला पटत नाही.

गाडीतून एरिया दाखवणं हा तर सगळ्यात निरुपयोगी भाग. गाडीत बसून सगळेच एरिया चांगले दिसतात. आम्ही एक दिवस त्यांना सुट्टी दिली आणि सकाळी ऑफिसच्या वेळेला स्ट्रोलर घेऊन घर-डेकेअर-ऑफिस असा पूर्ण रूट केला, तर स्टेशनची लिफ्ट बंद आणि पुढची स्टेप-फ्री (पायऱ्या नसलेली) एंट्री रस्त्याच्या पलीकडे. गूगल मॅप्समध्ये ट्रान्झिटला व्हीलचेअरचा ऑप्शन असतो तो लावून बघा, आणि व्हीलमॅप म्हणून एक फुकट नकाशा आहे त्यात कुठे पायऱ्या नाहीत ते लोकांनी मार्क केलेलं असतं, स्ट्रोलरवाल्यांना दोन्ही उपयोगी.

कार सीटचं लेखी घ्या. 'हो मॅडम, असेल गाडीत' याला काही अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी टॅक्सीला चाइल्ड सीटच्या नियमातून सूट असते त्यामुळे ड्रायव्हर काही बोलत नाही, पण म्हणून पोर सेफ होत नाही. आपली सीट न्यायची तर स्टँडर्ड वेगळं असतं, युरोपातली सीट अमेरिकेत चालत नाही आणि अमेरिकेतली युरोपात नाही. युरोपातल्या कार सीटच्या आर१२९ नियमात १५ महिने व्हायच्या आत पुढे तोंड करून बसवता येत नाही.

फ्लाइटही त्यांनीच बुक केली आणि बॅसिनेट, म्हणजे विमानात बाळाला झोपवायचा छोटा पाळणा, मिळेल असं छातीठोकपणे सांगितलं. बॅसिनेटला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते, बऱ्याच एअरलाइन्समध्ये १०-११ किलोच्या आसपास, दीड वर्षाचं पोर त्यात मावणं अवघडच, तर तो पूर्ण प्रवास मांडीवर झाला. दोन वर्षांखाली मांडीवरचं तिकीट स्वस्त पडतं पण ट्रिपमध्येच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला वेगळी सीट घ्यावी लागते, तारखा ठरवतानाच बघा. आई-बाबांपैकी एकच जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र सोबत असू द्या, इमिग्रेशनला विचारू शकतात.

अजून एक, हे लोक नेहमी चांगल्या हवेचे महिने सुचवतात. साहजिक आहे, त्यांना तुम्ही 'हो' म्हणायला हवंय. फिनलंडच्या हेलसिंकीला डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा असतो आणि जूनमध्ये रात्र व्हायचं नाव नाही, तर बघायचं काय? डिसेंबर. दुपारी अंधार पडल्यावर पोराला घेऊन कुठे जायचं हे ज्या शहरात सापडलं ते शहर जमेल.

टॅक्स-बँकेचं लेक्चर स्किप करा, सगळं ऑनलाइन मिळतं आणि व्हिजिटर म्हणून बहुतेक ठिकाणी खातं उघडता येत नाहीच.

माझ्या मते अर्ध्या दिवसाचं पॅकेज घ्या, फक्त डेकेअर आणि दोन-तीन फ्लॅट, तेही सकाळी. राहायला हॉटेल नको, ज्या एरियाचा विचार चाललाय तिथेच किचन आणि वॉशिंग मशीन असलेला फ्लॅट घ्या. आणि पैसे भरायच्या आधी सॅम्पल वेळापत्रक मागा, दुपारी १२ ते ३ मोकळं नसेल तर तेव्हाच बदलून घ्या, नंतर 'ड्रायव्हर बुक झालाय मॅडम' एवढंच उत्तर मिळतं.