दुखरा पाय आणि जानेवारीची फुल मॅरेथॉन: थांबायचं, कमी करायचं की हाफवर यायचं?

दिवाळी उरकली की ठाण्यात आणि नवी मुंबईत पळणाऱ्यांच्या बोलण्यात वेळा आणि पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) मागे पडतात, दुखणी पुढे येतात. उपवन तलावाजवळ, पाम बीच रोडच्या कडेला, खारघरच्या सेंट्रल पार्कबाहेर पहाटे कोणीतरी नडगी चोळत असतं, कोणी टाच हलकेच टेकवून बघत असतं. पाऊस सरता सरता किलोमीटर वाढवलेले असतात, ऑक्टोबरच्या उकाड्यानं शरीर पिळून काढलेलं असतं, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत ४२.१९५ किलोमीटर पळायचे असतात. ठाणेकरांसाठी या अंतराचं सोपं माप आहे. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ते अंतर ३४ किलोमीटर. मॅरेथॉन म्हणजे तेवढं, आणि वर आठ. एवढ्या मोठ्या अंतराच्या तयारीत अधूनमधून काहीतरी दुखणं हे अगदी नेहमीचं आहे.

हा आढावा अशा माणसासाठी आहे, ज्याला चालता येतं, सूज नाही, पण पळताना एक जागा कुरकुरते. त्याच्यापुढे मार्ग तीन: सगळं थांबवायचं, कमी करून पळत राहायचं, किंवा पळणं सोडून पाण्यात नाहीतर सायकलवर दम टिकवायचा. शर्यतीचं काय करायचं हा चौथा प्रश्न, तो शेवटी घेते. माझं मत आधीच सांगते. शर्यतीला किती आठवडे उरलेत यावरून मार्ग निवडू नका. दुखणं हाडात आहे, कंडरेत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) आहे की स्नायूत, हे पाहून निवडा.

हाड असेल तर तुलनाच नको

नडगीच्या आतल्या कडेला हाताच्या पंज्याएवढ्या पट्ट्यात ठणका लागत असेल, तर बहुतेक वेळा ते शिन स्प्लिंट्स, म्हणजे तडा नसलेलं, ताणाचं दुखणं असतं. पण एका बोटानं दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, त्या पायावर एकदा उडी मारली की कळ उठत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवसापासून पळणं बंद करायचं. तळपायाच्या लांब हाडांना आणि जांघेतल्या खोल दुखण्यालाही हेच लागू. जांघेतलं तर अजिबात अंगावर काढू नका, कारण खुब्याच्या हाडाचा तडा वाढला तर शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते.

साध्या एक्स-रेत असा तडा पहिले दोन-तीन आठवडे दिसेलच असं नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून पुन्हा पळायला आलेली माणसं मी पाहिली आहेत. संशय असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा. नडगीचा तडा भरायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नोव्हेंबरात तो निघाला तर जानेवारीची फुल गेली, हे स्वीकारणंच शहाणपणाचं. आणि मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते: सराव वाढल्यापासून पाळी लांबली असेल किंवा बंद झाली असेल, तर अशा वेळी हाडाचं दुखणं कधीही किरकोळ समजू नका. खाणं सरावाला पुरत नाही आणि हाडं कमजोर होतायत, याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

पूर्ण थांबणं विरुद्ध कमी करून पळणं

हाड नाही हे ठरलं की खरी तुलना सुरू होते.

थांबण्याची सगळ्यांना भीती वाटते ती दम जाण्याची. ती भीती मोजून घ्यावी. १९८४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात चांगला सराव असलेल्यांनी व्यायाम पूर्ण बंद केला, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि आठ आठवड्यांत १६ टक्के घटली. म्हणजे आठ-दहा दिवस घरी बसल्यानं फारसं काही बुडत नाही. पोटरीचा स्नायू लचकला असेल, पळताना अचानक चटका बसून पाय थांबला असेल, तर हे आठ-दहा दिवस द्याच. स्नायूची इजा वेळ दिला की बरी होते, आणि घाई केली की त्याच जागी पुन्हा उसवते.

कंडरेचं तसं नाही. टाचेच्या वरची जाड दोरी, म्हणजे अ‍ॅकिलीस, आणि तळव्याखालचा पट्टा, हे नुसत्या विश्रांतीनं शांत होतात, पण बळकट होत नाहीत. तीन आठवडे पाय वर करून बसलात, दुखणं गेलं, आनंदात पळायला गेलात की चौथ्या दिवशी ते परत हजर. या दोन दुखण्यांसाठी मी कमी करून पळण्याच्या बाजूची आहे, आणि त्याला आधार आहे. स्वीडनमधल्या २००७ सालच्या एका चाचणीत अ‍ॅकिलीसच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला सुरुवातीचे काही आठवडे पळणं आणि उड्या बंद होत्या. दुसऱ्याला दुखण्यावर नजर ठेवून त्या चालू ठेवायला सांगितलं होतं. व्यायाम दोघांनाही सारखेच. पळत राहिलेल्यांचं काही जास्त बिघडलं नाही.

नजर ठेवणं म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच लोक सोयीचं तेवढं उचलतात. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं. पळताना आणि पळून झाल्यावर ते पाचाच्या वर जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच किंवा कमी असायला हवं. आठवड्यामागून आठवडा दुखणं आणि सकाळचा ताठरपणा चढत जाता कामा नये. तीनातली एक अट मोडली, तर पुढचा रन कमी. मी पाचाऐवजी तीनच धरायला सांगते, कारण आपण सगळेच आपलं दुखणं कमी करून सांगतो.

सोबत पायरीवरचे व्यायाम लागतात. १९९८ साली स्वीडनमधूनच पुढे आलेली पद्धत अशी: पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, १५ वेळा, असे तीन सेट, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. बारा आठवडे म्हणजे दिवाळीपासून शर्यतीपर्यंतचा जवळजवळ सगळा काळ. म्हणून ‘बघू पुढच्या आठवड्यात’ इथे चालत नाही. दुखणं टाचेच्या हाडालाच चिकटलेलं असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीपर्यंतच आणायची.

गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं, जे जिना उतरताना आणि फार वेळ बसून उठताना जाणवतं, तेही कमी करून पळण्याच्या यादीतलं. इथे एक साधी युक्ती चालते. पाऊल छोटं करून मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. पेस तोच ठेवला तरी गुडघ्यावरचा भार उतरतो. सुरुवातीला विचित्र वाटतं, दोन आठवड्यांत सवय होते.

कमी करणं म्हणजे किती? आधी वेग काढा, मग चढ-उतार, आणि शेवटी अंतर. बहुतेक जण उलटं करतात, अंतर घटवतात आणि मंगळवारचे इंटरव्हल, म्हणजे मध्ये थांबत पळायचे वेगवान तुकडे, तसेच ठेवतात. कंडरेला सगळ्यात जास्त त्रास वेगाचाच होतो. दिवसभराचा भारही हिशेबात धरा. पुलाचे जिने, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्यानं केलेला प्रवास, हे सगळं त्याच पायावर पडतं.

येऊर की पाम बीच

आपल्याकडे पळायच्या जागा फार वेगवेगळ्या आहेत, आणि दुखण्याप्रमाणे त्यातली चुकीची निवडली तर चांगला आराखडाही वाया जातो.

उपवनवरून येऊरला चढणारा रस्ता मला मनापासून आवडतो. झाडी आहे, हवा आहे, पाय घडवणारा चढ आहे. पण अ‍ॅकिलीस किंवा पोटरी दुखत असताना तो चढ नको, कारण चढावर टाच खाली जाते आणि ती दोरी ताणली जाते. गुडघा दुखत असेल तर चढ एकवेळ चालतो, उतार नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून उतरणाऱ्या पट्ट्याचं) दुखणं तर उतारावर हमखास उसळतं. तेव्हा चढ पळत गेलात तरी खाली चालत या. बेलापूरच्या पारसिक टेकडीला हाच नियम. शिवाय येऊर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचा प्रदेश. अंधारात, एकट्यानं, लाँग रनसाठी (लांब अंतराच्या सरावासाठी) ती जागा नव्हेच.

पाम बीच रोड वाशीपासून बेलापूरपर्यंत जवळजवळ सपाट. शर्यतीचा पेस बसवायला याहून चांगली जागा जवळपास नाही. पण सपाटपणाचाही तोटा आहे: प्रत्येक पाऊल तंतोतंत आधीच्यासारखं पडतं, भार त्याच जागेवर हजारो वेळा येतो. दुसरं, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. जाताना डाव्या कडेनं गेलात आणि परतताना दुभाजक ओलांडून समोरच्या रस्त्याच्या डाव्या कडेनं आलात, तर पूर्णवेळ डावा पायच खाली पडतो. ज्या कडेनं गेलात त्याच कडेनं परत या, म्हणजे फरक फिटतो. मोटारींचा वेग तिथे भयंकर असतो, म्हणून दिवे, चमकणारं जाकीट आणि कानात काही नाही.

दुखरा पाय घेऊन पळणाऱ्याला मी मात्र फेऱ्यांची जागा सुचवेन. नवी मुंबईत सेंट्रल पार्क किंवा नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई, ठाण्यात उपवन किंवा तलावपाळी. कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण फेरी संपली की थांबता येतं. पाम बीचवर आठ किलोमीटर गेल्यावर दुखायला लागलं, तर माणूस आठ किलोमीटर दुखत परत येतो आणि पुढचे तीन आठवडे घालवतो. तळ्याभोवती पळताना दर काही फेऱ्यांनी दिशा बदला, आणि कुठेही जा, रिक्षापुरते पैसे जवळ असू द्या.

पाणी आणि सायकल

हाड दुखणाऱ्याला डॉक्टरांनी परवानगी दिली की पाण्यात पळणं सगळ्यात चांगलं. कमरेला फ्लोटिंग बेल्ट, खोल पाणी, पाय तळाला न टेकवता पळण्याची तीच हालचाल. सराव असलेल्या धावपटूंचा दम यावर चार ते सहा आठवडे बराचसा टिकतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. अडचण वेगळीच असते. सार्वजनिक तरण तलावांत बॅच ठरलेल्या, खोल भागात गर्दी, आणि जागच्या जागी हातपाय मारणाऱ्या माणसाकडे जीवरक्षक संशयानं बघणार. आधी बोलून, कमी गर्दीची वेळ मागून घ्यावी.

सायकल सोपी, पण तिच्यात पायाला आपटा बसत नाही, त्यामुळे दम टिकतो आणि पाय मात्र रस्त्याला तयार राहत नाहीत. गुडघा दुखत असेल तर सीट उंच ठेवा. याहून जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

वेदनाशामक गोळी खाऊन पळणं हा मार्ग मी तुलनेत धरलेलाच नाही. आपल्या दमट हवेत घामानं शरीरातलं पाणी उतरलेलं असताना ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन तीन-चार तास पळणं मूत्रपिंडाला धोक्याचं आहे. आणि दुखणं झाकलं गेलं, तर वर सांगितलेलं मोजमाप कशावर करणार?

फुल, हाफ, की पुढचं वर्ष

मुंबईच्या फुलमध्ये पेडर रोडचा चढ वर्षानुवर्षं परतीच्या वाटेवर, तिसाव्या किलोमीटरनंतर पुन्हा समोर येत आला आहे. थकलेली पोटरी आणि दुखरी टाच तिथेच बोलायला लागतात. म्हणून माझी कसोटी अशी: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी २८ ते ३० किलोमीटरचा एक लाँग रन झालेला हवा, आणि त्यानंतरच्या दोन सकाळी दुखणं वाढलेलं नसावं. हे जमलं तर फुल पळा, वेळेचं लक्ष्य सोडून. उरलेले तीन आठवडे अंतर उतरवत न्या. बुडलेले लाँग रन त्यात भरून काढायला जाऊ नका, तो काळ सराव जिरण्याचा असतो.

१८ ते २२ पर्यंतच पोचलात, पण पाय शांत आहे? मग हाफ, २१.०९७५ किलोमीटर, आनंदानं पळता येईल. फक्त फुलची नोंदणी आयत्या वेळी हाफमध्ये बदलून मिळेल असं धरून चालू नका, आयोजकांचे नियम आधी वाचा. बदल मिळत नसेल तर फुलच्या रांगेत उभं राहून ‘अर्ध्यात थांबेन’ असं ठरवण्यापेक्षा जवळपासची दुसरी हाफ शोधा. गर्दी, ढोल, लहान मुलं हात पुढे करून उभी, अशा रस्त्यावर अर्ध्यात थांबणारे फार थोडे असतात.

आणि यातलं काहीच झालं नसेल, चालतानाही पाय दुखत असेल, तर नाव मागे घ्या. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मित्राला देऊ नका. त्यावर तुमची वैद्यकीय माहिती आणि घरच्यांचा फोन नंबर असतो, आणि रस्त्यात काही झालं तर डॉक्टर तेच वाचून उपचार करतील. ४५ मिनिटं भरभर चालून दुखेनासं झालं की एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं इथून पुन्हा सुरुवात करा, एक दिवसाआड, फेऱ्यांच्या जागेवर. फेब्रुवारीत सकाळची हवा अजून बरी असते.