हाताशी आहे ते, की बाहेरून आणायचं?

खेड्यात सामाजिक उद्योग, म्हणजे नफ्याआधी लोकांची गरज पाहणारा उद्योग, उभा करताना पैसा, माणसं, यंत्रं सगळ्यांचीच चणचण असते. मग दोन वाटा दिसतात: निधी मिळवून हवं ते बाहेरून आणायचं, नाहीतर आहे त्यात भागवायचं.

निधीने काम झटकन मोठं होतं, हे खरंच. शीतगृह किंवा पाण्याची तपासणी जुगाडावर चालवूच नये, तिथली चूक माणसांच्या जिवावर बेतते. पण निधीला मुदत असते. तो संपला की एक सुटा भाग मिळेना म्हणून चांगलं यंत्र धूळ खात पडतं.

दुसरी वाट मला जास्त जवळची. बंद शाळेची खोली गोदाम होते, निवृत्त शिक्षिका हिशेब सांभाळतात, जुन्या पंपाची मोटर धान्याची चाळणी फिरवते. ती बिघडली तर गावातलाच माणूस उघडतो, कारण त्यानेच ती बसवलेली असते! मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये अशा जुळवाजुळवीला ‘ब्रिकोलाज’ म्हटलं. पुढे २००५ मध्ये टेड बेकर आणि रीड नेल्सन या संशोधकांनी साधनं तुटपुंजी असलेल्या २९ उद्योगांचा अभ्यास मांडला. प्रत्येक कामात भागवाभागवी करणारे उद्योग तिथेच अडकत होते. मोजक्याच कामांत ती करणाऱ्यांना वाढायला वाव मिळत होता.

मी खोली, माणसं आणि मोटर गावातूनच घेईन. निधी मागेन तो तपासणीच्या उपकरणासाठी, आणि त्याची दुरुस्ती गावातल्या दोघांना शिकवण्याच्या अटीवर.